लायसन्स मिळालं, आता बोलायचं कसं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपले एक ज्येष्ठ सभासद, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आणि स्वतः परवानाधारक हॅम असलेले, यांनी दिलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संस्थेच्या पंचवीस वर्षांचा इतिहास सचिवांनी आत्ताच सविस्तर सांगितला. प्लॉट पाडले तेव्हा इथे काय होतं, पाण्याची टाकी कशी झाली, रस्त्याचं खडीकरण कितीदा झालं, ते मी परत सांगत नाही. मला विषय दिलाय हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा. कारण तुम्हाला ठाऊक आहे. यंदा आपल्या सोसायटीतल्या दोघांना केंद्र सरकारचं हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं. एक आपली कॉलेजात जाणारी मुलगी, दुसरे आपले शिक्षक सभासद. दोघांचा सत्कार झाला, नारळ-शाल झाली. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांना गल्लीत प्रश्न सुरू झाले. "आता तुम्ही एफएमवर गाणी लावणार का?" "पोलिसांचं बोलणं ऐकू येतं का?" "मोबाइल हातात असताना हे कायले पाहिजे?"

प्रश्न रास्त आहेत. दोन्ही नवीन मंडळींचा स्वतःचा प्रश्न त्याहून अवघड आहे. लायसन्स आलं, पण पुढे काय? परीक्षेचा अभ्यास कुणीही सांगतो. परीक्षेनंतरचं सांगणारं माणूस जवळ असेलच असं नाही. म्हणून आजचं बोलणं मुख्यतः त्या दोघांसाठी आहे. पण तुम्ही सगळ्यांनी ऐकायचं आहे, कारण शेवटी मी तुमच्याकडेही काहीतरी मागणार आहे.

हॅम म्हणजे कोण?

मोबाइलवर आपण बोलतो तेव्हा मध्ये कंपनी असते, टॉवर असतो, जमिनीखालची फायबरची तार असते. हॅमच्या बोलण्यात मध्ये कुणी नसतं. माझ्या घरातला सेट, माझ्या गच्चीवरची तार, आणि समोरच्याच्या घरचा सेट. बिल नाही, रिचार्ज नाही. त्याच्या बदल्यात सरकारने अटी घातल्या आहेत. यावर धंद्याचं बोलायचं नाही. पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत. गाणी लावायची नाहीत. गुप्त भाषेत बोलायचं नाही. जे बोलाल ते कुणालाही कळेल असंच बोलायचं. राजकारण आणि धर्माचे वाद यांपासून लांब राहायचं. आणि प्रत्येक बोलण्यात आपली ओळख सांगायची.

ती ओळख म्हणजे कॉलसाइन. भारतातल्या हॅमचं कॉलसाइन साधारणपणे 'व्हीयू'ने सुरू होतं. आंतरराष्ट्रीय करारात ही अक्षरं भारताच्या वाट्याला आलेली आहेत. रेस्ट्रिक्टेड ग्रेडला 'व्हीयू३' आणि जनरल ग्रेडला 'व्हीयू२', आणि पुढे तुमची स्वतःची अक्षरं. जगात तेवढं एकच. तुमच्या नावाचा दुसरा माणूस चिखलीत सापडेल, पण तुमच्या कॉलसाइनचा दुसरा माणूस पृथ्वीवर नाही.

परीक्षा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या अखत्यारीत होते. वयाची बारा वर्षं पूर्ण पाहिजेत. हे पुढे बसलेल्या मंडळींनी लक्षात ठेवायचं, सातवी-आठवीतलं लेकरू बसू शकतं. अभ्यास दोन भागांचा: थोडं इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे ओहमचा नियम, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर वगैरे, आणि थोडे नियम. जनरल ग्रेडला मोर्स, म्हणजे तारेची ती कट्ट-कडकट्ट भाषाही यावी लागते. रेस्ट्रिक्टेडला लागत नाही.

पहिला महिना कानांचा

आता नवीन मंडळींकडे वळतो. लायसन्स मिळाल्यावर पहिली घाई असते सेट घ्यायची आणि बोलायची. माझं म्हणणं आहे, पहिला महिना फक्त ऐका.

सकाळी सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कान लावा. आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा भाग हॅमना दिलेला आहे. याला चाळीस मीटरचा बँड म्हणतात. सकाळच्या वेळी तिथे देशभरची मंडळी जमतात. कुणी हैदराबादहून, कुणी बंगळूरहून, कुणी पुण्याहून. एकजण सूत्रधार असतो, तो एकेकाला नावाने, म्हणजे कॉलसाइनने, बोलावतो. याला 'नेट' म्हणतात. आपल्या भजनी मंडळात कसं, एकजण म्हणतो आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत टाळ धरून बसतात, तसंच.

साध्या घरच्या रेडिओवर हे बोलणं बदक बोलल्यासारखं ऐकू येतं. कारण हॅम जी पद्धत वापरतात, सिंगल साइडबँड, तिच्यात आवाजाच्या लहरीचा अर्धाच भाग पाठवतात आणि वाहक लहर गाळून टाकतात. ताकद वाचते, जागा कमी लागते. पण ऐकायला तसा रिसीव्हर लागतो. तो नसला तरी अडत नाही. इंटरनेटवर जगभरातले काही रिसीव्हर लोकांनी खुले ठेवले आहेत, मोबाइलवरून ते फिरवता येतात. वहीत लिहीत जा: कोण बोललं, कुठून, किती वाजता, कसा ऐकू आला. महिन्याने ती वही उघडून पाहिली की लक्षात येतं, दुपारी कोण ऐकू येतं आणि रात्री कोण. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

ऐकण्याने दुसरी गोष्ट साधते. बोलायची रीत अंगवळणी पडते. दोघे बोलत असताना मध्ये शिरायचं नाही. समोरच्याचं 'ओव्हर' झालं की क्षणभर थांबायचं, कारण कुणाला तातडीचं काही सांगायचं असेल. ग्रामसभेत ही शिस्त आपण पाळत नाही, पण रेडिओवर पाळावीच लागते. दोघे एकदम बोलले की तिसऱ्याला कुणाचंच ऐकू येत नाही.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्यात बोलताना आपण सहज म्हणतो, अमका घाटावरचा, तमका घाटाखालचा. चिखली, मेहकर, बुलडाणा घाटावर. खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली. रेडिओच्या लहरींनाही हा घाट कळतो बरं का.

हातात धरायचा जो छोटा सेट असतो, वॉकीटॉकीसारखा, तो बहुतेक १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर चालतो. ही लहर दिव्याच्या झोतासारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की अडते. म्हणून इथून चिखलीकडचा, पठारावरचा माणूस उंच जागेवर उभा राहिला तर मिळेल, पण घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या आडोशाला असलेला माणूस जवळ असूनही ऐकू येणार नाही. अशा वेळी उंचावर एक मधला सेट ठेवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्यावर तेच परत सोडतो. त्याला रिपीटर म्हणतात.

सात मेगाहर्ट्‌झची लहर वेगळी. ती वर जाते, आणि शंभरेक किलोमीटर उंचीपासून वर जे विद्युतभारित थर आहेत, आयनोस्फिअर म्हणतात त्याला, तिथून परत जमिनीकडे वळते. विहिरीत हाक मारली की आवाज खालून वर येतो, तसा इथे वरून खाली येतो. तार फार उंच नसली तर लहर जवळजवळ सरळ वर जाऊन छत्रीसारखी खाली पसरते. मग घाट मध्ये असला काय, नसला काय. दिवसा नागपूर, पुणे, हैदराबाद असा काहीशे किलोमीटरचा पल्ला मिळतो. रात्री खालचा थर विरतो, आणि तीच लहर लांब उडी मारते. परदेशातली स्टेशनं ऐकू यायला लागतात आणि कधी कधी अकोल्याचा माणूस मात्र गायब होतो. नवीन माणूस घाबरतो, सेट बिघडला की काय. सेट ठीक असतो. सूर्य मावळलेला असतो, इतकंच.

म्हणून दोघांना माझा सल्ला असा: गावातल्या गावात आणि शेजारच्या कामासाठी हातातला सेट, आणि जिल्ह्याबाहेर पोचायला सात मेगाहर्ट्‌झची तार. दोन्ही शिका. एकावर भिस्त ठेवू नका.

सगळा जीव तारेत

नवीन हॅम पैसे सेटवर घालतो. जुना हॅम तारेवर, म्हणजे अँटेनावर, मेहनत घेतो. अँटेना चांगली असेल तर साधा सेटही कामाचा, आणि अँटेना वाईट असेल तर लाखाचा सेटही मुका.

आनंदाची गोष्ट ही की सर्वांत उपयोगी अँटेना सर्वांत स्वस्त आहे. तिला डायपोल म्हणतात. तांब्याच्या तारेचे दोन सारखे तुकडे, मधोमध केबल जोडायची. लांबीचा हिशेब तोंडी होतो: १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागायचं. ७.१ ने भागलं की वीस मीटर आणि थोडं. म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटर. थोडी जास्तच तार घ्या आणि मीटर लावून हळूहळू कापत या. कापलेली तार जोडण्यापेक्षा उरलेली कापणं सोपं. मधला भाग बांबूवर किंवा पाइपवर उंच बांधला आणि दोन्ही बाजू उतरत्या आणल्या तरी चालतं, उलट्या 'व्ही'सारखी. एकच खांब लागतो.

केबल ५० ओहमची घ्या. डिशची केबल ७५ ओहमची असते, ती घरात पडलेली असते म्हणून लावायचा मोह होतो. सुरुवातीला योग्य तीच घ्या. एसडब्ल्यूआर मीटर नावाची एक छोटी वस्तू लागते. पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते, ते ती दाखवते. काटा दीड-दोनच्या आत असला की निर्धास्त बोला.

आणि तीन गोष्टी अशा, ज्यांच्यात हयगय नको. पहिली, विजेच्या तारा. महावितरणच्या लाइनच्या वर, खाली किंवा जवळ अँटेना नेऊ नका. आपली तार तुटली आणि वाऱ्याने उडाली तरी त्या लाइनपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर ठेवा. मी पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलोय, हे अंदाजाने सांगत नाही. दुसरी, आकाशातली वीज. मृगाचे ढग जमले की केबल सेटपासून काढायची आणि घराबाहेर ठेवायची. ढग डोक्यावर आल्यावर काढायला जायचं नाही, आधीच काढायची. तिसरी, तारेची टोकं. बोलताना टोकांवर मोठा दाब असतो, हात लागला तर चटका बसतो. म्हणून टोकं पोरांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा.

अँटेना बांधली की कधीकधी बोलण्याऐवजी नुसता खरखराट येतो. तो शोधायचा असतो. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे हलके चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, यांचा आवाज येतो. आणि आपल्या भागातला खास आवाज म्हणजे टक्… टक्… टक्, सेकंदाला एक. तो वावरातल्या झटका मशीनचा. रोही आणि रानडुकरांसाठी लावलेलं कुंपण कुठेतरी गवताला टेकलेलं असतं किंवा तार सैल असते, तिथे ठिणगी पडते. शेतकऱ्याला जाऊन सांगा. भांडायला नव्हे, त्याच्या फायद्याचं सांगायला: भाऊ, तुमचं कुंपण गळतंय, जनावराला झटका पुरा बसत नसेल. तुमचा आवाज बंद होईल आणि त्याचं पीक वाचेल.

सेट आणि बॅटरी

सेट नवाच पाहिजे असं नाही. जुन्या हॅमकडून वापरलेला घेतला तर त्याच्याबरोबर माहितीही मिळते. मात्र व्यवहार लायसन्सवाल्याशीच करा, कागद नीट ठेवा. ऑनलाइन दिसला स्वस्त वॉकीटॉकी आणि मागवला, असं करू नका. वायरलेस सेटला नियम आहेत आणि ते कडक आहेत.

स्वतः बनवायची हौस असेल तर आपल्याच देशात मोठी परंपरा आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा सेट आखला. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येईल असा. आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. आज जगभरात हौशी लोक तो बनवतात. आमच्या काळी परदेशातून सेट आणणं परवडत नसे, त्या अडचणीतून आलेली ही अक्कल आहे.

वीज जाते तेव्हाच रेडिओची खरी गरज लागते, म्हणून बॅटरीवर चालवायची सवय ठेवा. हे सेट बहुतेक १२ व्होल्टच्या आसपास चालतात. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी चालते. शंभर वॅटचा सेट ऐकताना एक-दोन अँपिअर घेतो, पण बोलताना वीसच्या आसपास ओढतो. तार जाड लावा आणि फ्यूज बॅटरीजवळ लावा. आणि आपल्या ग्रेडला जितकी ताकद वापरायची परवानगी आहे, तितक्यावरच सेट ठेवा. त्याची कुणाला फिकीर वाटायला नको. नीट बांधलेल्या तारेवर थोड्या वॅटमध्येसुद्धा देशभर बोलता येतं.

पहिली हाक

आता खरी गोष्ट. बटण दाबायचं आणि बोलायचं. अहो, भलेभले इथे अडखळतात. वर्गात चाळीस पोरांना शिकवणारे गुरुजीसुद्धा पहिल्यांदा माइक हातात घेतात आणि गप्प बसतात. २६ जानेवारीच्या भाषणाला उभ्या राहिलेल्या चौथीतल्या पोरासारखं होतं. त्यावर एकच औषध: लिहून ठेवा. समोर कागद ठेवून वाचा. कुणाला दिसत नाही.

आधी विचारायचं, ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का? दोनदा विचारायचं. उत्तर नाही आलं तर 'सीक्यू' म्हणायचं. सीक्यू म्हणजे जो ऐकत असेल त्याला हाक. मग आपलं कॉलसाइन, अक्षर-अक्षर फोड करून. आवाजात 'बी', 'डी', 'पी' सारखेच वाटतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा असे ठरलेले शब्द आहेत. गावाचं नाव सांगताना म्हणा: युनिफॉर्म, नोव्हेंबर, डेल्टा, रोमिओ, इंडिया. उंद्री. समोरचा विचारतोच, हे कुठे आलं? पुण्याजवळही एक उंड्री आहे, तिथलीच समजतात. सांगा, बुलडाणा जिल्हा, लोणार सरोवर ज्या जिल्ह्यात आहे तो. हॅम मंडळींनी साऱ्या पृथ्वीचे चौकोन पाडून त्यांना नावं दिली आहेत. आपला चौकोन 'एमएल८०'. तेही सांगा, पलीकडचा लगेच नकाशात बघतो.

मग आवाज कसा येतोय त्याचे गुण द्यायचे. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. 'फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम. पण खरे गुण द्या. ऐकूच येत नसताना फाइव्ह नाइन द्यायची एक वाईट खोड आहे, ती लावून घेऊ नका. समोरचा तुमच्या गुणांवरून त्याची अँटेना सुधारत असतो.

आपल्या भाषेत बोलायला हरकत नाही. रोजची उघड भाषा पाहिजे इतकंच. पण हिंदी आणि थोडं इंग्रजी कामाला येतं. सुरुवातीला नाव, गाव, आवाजाचे गुण, हवामान एवढ्यावर बोलणं संपतं. संपू द्या. शंभर वेळा तेच बोलल्यावर एखाद्या दिवशी समोरचा विचारतो, सोयाबीनला यंदा काय भाव मिळाला? आणि ओळख होते.

प्रत्येक बोलणं वहीत लिहा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं कॉलसाइन, गुण. आणि जमलं तर क्यूएसएल कार्ड छापा. पोस्टकार्डासारखं असतं, बोलणं झाल्याची पावती म्हणून एकमेकांना पाठवतात. आपल्या कार्डावर लोणारचं सरोवर घाला, सिंदखेडराजाचा राजवाडा घाला. कुठल्याशा परदेशातल्या माणसाच्या भिंतीवर आपला जिल्हा लागेल.

मुलांसाठी अजून एक. अवकाशात फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर हॅमशी बोलतं, कधी चित्रंही पाठवतं. ते आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा हातातल्या सेटवर, एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत, जास्तीत जास्त दहाएक मिनिटं ऐकू येतं. आणि हे फक्त अमेरिका-रशियावाल्यांचं काम आहे असं समजू नका. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. वजन किलोभरसुद्धा नाही. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्हीने तो वर नेला. कशासाठी बनवला होता? हॅम मंडळींना एकमेकांना निरोप पाठवता यावा म्हणून. तुमच्याहून चार-सहा वर्षांनी मोठी पोरं होती ती.

४२.३४ मीटर

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा आपल्या तारेशी संबंध आहे. १९४२ ची गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाच इंग्रज सरकारने हॅमची लायसन्सं रद्द केली होती. ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं, पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने सोबत्यांना घेऊन गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हॅमच्या जाणकारांनी सांभाळली. पोलीस माग काढत म्हणून जागा सारखी बदलायची. नोव्हेंबरात छापा पडला, पुढे उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं.

हे प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होत असे. आता हिशेब करा. ३०० ला ४२.३४ ने भागा. उत्तर येतं ७.०८५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे आपले हे दोघे ज्या पट्ट्यात उद्या पहिली हाक मारणार आहेत, नेमका तोच पट्टा. त्या मुलीला नाव-पत्ता लपवून बोलावं लागलं. आपल्या मुलीला सरकारने नाव-पत्त्यासह कागद दिलाय, आणि अट घातलीय की आपली ओळख सांगूनच बोल. ज्या नियमांचा कधी कंटाळा येतो ना, त्यांच्याकडे या बाजूनेही पाहावं.

मग मोबाइल असताना कशाला?

आता गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर. रोजच्या दिवशी हॅमची गरज नाही, हे मी आधीच कबूल करतो. लग्नाचं आमंत्रण द्यायला मोबाइलच बरा. पण टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरीवर तो काही तास चालतो. फायबर तुटली की टॉवर उभा असून मुका. आणि संकटात सगळे एकदम फोन लावतात, तेव्हा कुणाचाच लागत नाही. २०२३ च्या जुलैत घाटाखाली, जळगाव जामोद-संग्रामपूर भागात एका रात्रीच्या पावसाने काय झालं ते आपण पाहिलं.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या हॅम आपल्या चमूबरोबर अंदमानला गेल्या होत्या. हौसेने, दूरच्या बेटावरून जगाशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांचे फोन बंद पडले. जी तार हौसेसाठी बांधली होती, तिच्यावरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊ लागले: कोण सुखरूप आहे, कशाची गरज आहे. हे जमलं, कारण सेट लावलेला होता, तार बांधलेली होती, आणि माणसांना रोजची सवय होती. त्याच दिवशी खोका उघडून पुस्तक वाचायला बसले असते तर जमलं नसतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. लायसन्स कपाटात ठेवून ते संकटात कामाला येत नाही. विहिरीत पोहायला शिकलेलं पोरगं पुरात तरतं. पोहण्याचं सर्टिफिकेट तरत नाही. रोज पंधरा मिनिटं कानाला लावा, आठवड्यातून दोनदा बोला, महिन्यातून एकदा विजेशिवाय, नुसत्या बॅटरीवर चालवून पाहा. आपत्तीत निरोप पोचवायचं काम आलं तर ते प्रशासनाच्या सांगण्यावरून आणि नियमात राहून करायचं, स्वतःच्या मनाने पुढारपण करायचं नाही. निरोप कमी शब्दांत लिहून घ्यायचा, जसाच्या तसा वाचायचा, समोरच्याकडून परत वाचून घ्यायचा. 'पाच जखमी' आणि 'पाच जण' यात फरक असतो.

आणि एक व्यवहाराचं: हातातला सेट घेऊन बाहेर पडलात तर लायसन्सची प्रत खिशात ठेवा. कुणा पोलिसाने विचारलं तर तो त्याचं कामच करतोय. शांतपणे कागद दाखवा, वही दाखवा.

सोसायटीकडे मागणं

आता तुमच्याकडे वळतो. दहा-दहा मीटरच्या दोन बाजू एका प्लॉटात मावत नाहीत. म्हणून संचालक मंडळाकडे अर्ज आला आहे, की आपल्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याला मधला खांब बांधू द्यावा आणि तारेची टोकं खुल्या जागेच्या कुंपणाच्या खांबांपर्यंत नेऊ द्यावीत. वार्षिक सभेत तो विषय येईल. काहींना शंका आहेत, मी ऐकल्यात. उद्या दुसरा कुणी काही बांधायला मागेल. टीव्ही खराब होईल. वीज पडेल.

शंका घ्याव्यातच. मी उलट सुचवतो की परवानगी अटींवर द्या. खर्च त्यांचा. कायमचं बांधकाम नाही, नट-बोल्ट काढले की खांब मोकळा. विजेच्या लाइनपासूनचं अंतर आधी मोजून दाखवायचं. पावसाळ्यात केबल काढून ठेवायची जबाबदारी लेखी. कुणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये आवाज आला तर ते दोघे घरी येऊन बघतील, आणि कारण सापडेपर्यंत त्या वेळेत बोलणार नाहीत. आणि एक वर्षाने सभेने परत विचार करायचा.

त्या बदल्यात तुम्हाला काय? महिन्यातून एका रविवारी सकाळी टाकीखाली सराव. लायसन्स नसलेल्याला माइकवर बोलता येणार नाही, तो नियम आहे. पण निरोप लिहून घेणं, वेळ नोंदवणं, बॅटरी तपासणं, नकाशावर खुणा करणं या कामांना लायसन्स लागत नाही. यात आपल्या भगिनी आणि माझ्यासारखी निवृत्त मंडळी फार कामाची. ज्या बायकांनी बचत गटाच्या वह्या काटेकोर ठेवल्यात, त्यांच्याइतका चांगला निरोप कोण लिहिणार? आणि मुलं नुसती बसून ऐकतील. ऐकता ऐकता त्यातलं एखादं बारा वर्षांचं झालं की अर्ज भरेल. आज दोन लायसन्सं आहेत, ती चार व्हावीत.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा प्रत्येकाने आपला प्लॉट घेतला, पण पाणी एकट्याला आणता आलं नाही. त्यासाठी संस्था लागली, टाकी सगळ्यांची झाली. तीच टाकी आता आणखी एका कामाला येऊ शकते. सभेत हात वर करताना एवढं आठवा.

हॅम मंडळी बोलणं संपवताना 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात. तारेच्या काळापासूनचा आकडा आहे, अर्थ एवढाच की मनापासून शुभेच्छा. संस्थेला आणि आपणा सर्वांना त्र्याहत्तर!